पत आणि सक्ती : सुरतेची वखार ते मुंबईचे बेट



बडोद्याच्या वायव्येस असलेले कोयली हे गाव आज तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यामुळे सर्वांना ठाऊक आहे. १९६५ साली तो कारखाना सुरू झाला आणि ह्या टापूची ओळख तेलाशी जोडली गेली. परंतु चारशे वर्षांपूर्वी ह्याच टापूचे नाव दूरच्या बाजारपेठांत घेतले जाई ते तेलासाठी नव्हे, कापडासाठी. सुरत, भडोच, बडोदे, अहमदाबाद असा तांड्यांचा रस्ता ह्या प्रदेशातून जात असे. १६३८ साली ह्या रस्त्याने गेलेल्या मांडेल्स्लो नावाच्या जर्मन प्रवाशाने बडोद्यातील बहुतेक वस्ती विणकऱ्यांची आणि रंगाऱ्यांची असल्याचे नमूद केले आहे. भडोचला विणले जाणारे 'बाफ्ता' नावाचे कापड तर विशेष प्रसिद्ध होते. नर्मदेच्या पाण्यात धुतलेल्या कापडाला जी शुभ्रता येते ती अन्यत्र येत नाही, असे टॅव्हर्नियर हा फ्रेंच जवाहिऱ्या लिहितो. ह्या कापडाच्या खरेदीसाठी सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजांनी सुरतेच्या मुख्य वखारीखाली भडोच, बडोदे आणि अहमदाबाद येथे आपली माणसे बसविली होती. तेव्हा इंग्रजांच्या हिंदुस्थानातील आरंभीच्या वसाहतीचा जमाखर्च मांडावयाचा झाल्यास तो लंडनपासून नव्हे, ह्या रस्त्यापासूनच मांडावा लागेल.

शाळेच्या पुस्तकांत एक वाक्य हमखास असते : इंग्रज व्यापारी म्हणून आले आणि राज्यकर्ते झाले. वाक्य खोटे नाही. परंतु त्यातल्या 'आणि' ह्या दोन अक्षरांत दीडशे वर्षे दडलेली आहेत. ती दीडशे वर्षे इंग्रजांचा व्यापार कशावर चालला होता? तोफांवर की आणखी कशावर? सुरतेच्या वखारीचा आणि तिच्या पोटी वाढलेल्या मुंबईचा इतिहास ह्या प्रश्नाचे जे उत्तर देतो ते आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

३१ डिसेंबर १६०० रोजी राणी एलिझाबेथने कंपनीला सनद दिली. १६०८ च्या ऑगस्टमध्ये विल्यम हॉकिन्सचे 'हेक्टर' जहाज सुरतेच्या बंदरात आले. हॉकिन्स आग्ऱ्यास जाऊन जहांगीर बादशहाच्या दरबारी राहिला, पण पोर्तुगीजांच्या विरोधापुढे त्याचे फारसे चालले नाही. १६१२ च्या अखेरीस तापीच्या मुखाजवळ सुवाळीच्या समुद्रात टॉमस बेस्टने पोर्तुगीज आरमाराला हटविले आणि १६१३ साली बादशाही फर्मानाने सुरतेत इंग्रजांची वखार कायम झाली. पुढे १६१५ मध्ये सर टॉमस रो हा इंग्लंडच्या राजाचा वकील दरबारात आला आणि तीनएक वर्षांच्या खटपटीने त्याने व्यापाराच्या काही सवलती पदरात पाडून घेतल्या. समुद्रावर इंग्रज बलवान होते ही गोष्ट खरी. पण किनाऱ्यावर पाऊल ठेवताच ते परवान्यावर जगणारे, भाड्याच्या घरात राहणारे, बादशहाच्या सुभेदाराला नजराणे देणारे परदेशी होत. तोफ जहाजावर होती. कापड जमिनीवर होते.

त्या कापडाच्या बदल्यात देण्यासारखे त्यांच्याजवळ काय होते? इंग्लंडचा मुख्य माल म्हणजे लोकरीचे जाड कापड, ज्याला आपण बनात म्हणतो. गुजरातच्या उन्हात ते अंगावर घालणार कोण? अमीर-उमराव थोडेफार घेत ते हत्तींच्या झुलींसाठी आणि पालख्यांच्या आच्छादनासाठी. शिसे, पारा, पोवळी, हस्तिदंत ह्यांना गिऱ्हाईक होते, पण त्या पैशांत जहाजे भरत नसत. म्हणून चांदी पाठवावी लागे. पहिल्या सनदेतच एका सफरीस तीस हजार पौंडांपर्यंत चांदी बाहेर नेण्याची परवानगी होती. देशाची चांदी परदेशी कापडापायी चालली म्हणून लंडनमध्ये त्या काळी ओरड होत असे, आणि कंपनीला आपला बचाव करावा लागत असे.

ही चांदी स्पॅनिश रियालांच्या रूपाने सुवाळीस उतरे. येथल्या बाजारात परके नाणे जसेच्या तसे चालत नसे. ते सुरतेच्या टांकसाळीत देऊन त्याचे बादशाही रुपये पाडून घ्यावे लागत आणि टांकसाळीत आठवडेच्या आठवडे मोडत. शिवाय जहाजे येत पावसाळा सरल्यावर आणि परतत वारे पालटण्यापूर्वी. एवढ्या अवधीत बाजारात उतरून हजारो ताग्यांची खरेदी करणे शक्य नव्हते. घाईच्या गिऱ्हाइकाला भाव चढाच पडतो. माल आधीच तयार हवा तर पावसाळ्यातच विणकऱ्याच्या हातात आगाऊ रक्कम पडली पाहिजे, म्हणजे त्याने सूत घ्यावे, घर चालवावे आणि माग लावावा. परंतु पावसाळ्यात कंपनीची तिजोरी रिकामी असे. ही अडचण भागविली ती सुरतेच्या सावकारांनी आणि सराफांनी.

त्यांत अग्रगण्य होता वीरजी व्होरा. मिरी, पोवळी अशा मालाच्या घाऊक व्यापारावर त्याची एवढी पकड होती की, इंग्रजांना पुष्कळदा त्याने ठरविलेल्या भावातच घेणे-देणे करावे लागे. त्याच्याबद्दल तक्रार करणारे हेच वखारवाले अडचणीच्या वेळी त्याच्याच पेढीवर जात. १६३६ साली त्याने कंपनीला दोन लाख रुपये कर्जाऊ दिले होते. साऱ्या जगाशी व्यापार करावयास निघालेल्या कंपनीची वखार एका गुजराती व्यापाऱ्याच्या उसनवारीवर चालावी, ह्यात आज आपल्याला गंमत वाटेल. त्या काळी कोणालाही ती वाटली नाही. सावकार पत पाहून पैसा देत होता. पत गेली तर पैसा देण्याची त्याच्यावर सक्ती करील असा अधिकार सुरतेच्या इंग्रजांजवळ नव्हता.

विणकऱ्यांवरही नव्हता. ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण सावकाराचे नाव कागदोपत्री राहते, विणकऱ्याचे राहत नाही. इंग्लंडात सुताला मागणी आहे असे दिसताच इंग्रजांनी भडोचच्या भागात सूतही विकत घेण्यास प्रारंभ केला. सुताचा भाव चढला आणि विणकऱ्यांच्या पोटावर पाय आला. तेव्हा भडोचच्या विणकऱ्यांनी सूतखरेदी थांबविल्याखेरीज कापड देणार नाही, असा पवित्रा घेतला. ज्यांच्या घरी दोन वेळच्या धान्यापलीकडे साठा नसेल अशा माणसांनी समुद्रावर पोर्तुगीजांना हटविणाऱ्या कंपनीला अडवून धरावे, हे कशामुळे शक्य झाले? विणकऱ्याच्या दाराशी गिऱ्हाईक एकटे इंग्रज नव्हते. डच होते, इराणी आणि अरब होते, तुर्की बाजाराला माल धाडणारे सुरतेचे व्यापारी होते आणि देशातला ग्राहक तर सर्वांत मोठा होता. चार गिऱ्हाइके असली म्हणजे गरिबालाही 'नाही' म्हणता येते.

ह्या व्यवस्थेवर पहिला घाला आला तो माणसाचा नव्हे, निसर्गाचा. १६३० साली गुजरातेत पाऊस पडला नाही; पुढच्या वर्षी अतिवृष्टीने आणि कीटकांनी उरलेसुरले नेले; आणि त्यामागून साथी आल्या. ह्याच सुमारास सुरतेहून आग्ऱ्यास निघालेल्या पीटर मंडीने रस्त्यावर पाहिलेली दृश्ये वाचवत नाहीत. गावे ओस पडली, प्रेते उचलण्यास माणूस उरला नाही. सुरतेच्या वखारीतील इंग्रजही मोठ्या संख्येने मेले आणि त्यांचा अध्यक्ष रॅस्टेल हाही गेला. विणकरी आणि रंगारी ह्या धान्य विकत घेऊन खाणाऱ्या जाती असल्यामुळे त्यांचा संहार विशेष झाला. मागांवर माणसेच उरली नाहीत, तेव्हा कंपनीची दृष्टी अधिकाधिक पूर्व किनाऱ्याकडे वळली. १६३९ साली मद्रासची जागा तिने मिळविली. गुजरात सावरली खरी, पण पुष्कळ वर्षांनी.

आता मुंबईकडे वळू. १६६१ च्या तहान्वये पोर्तुगालच्या राजकन्येच्या आंदणात मुंबई इंग्लंडच्या राजाकडे आली. प्रत्यक्ष ताबा मिळाला १६६५ साली, आणि १६६८ साली राजाने ते बेट वर्षाला दहा पौंड खंडावर कंपनीच्या हवाली केले. ह्या दहा पौंडांची गोष्ट आपण हसत हसत सांगतो. पण त्या वेळचे उत्पन्न पाहिले तर राजाने खोट खाल्ली असे म्हणवत नाही. बेट म्हणजे नारळीची राने, भातखाचरे, मिठागरे आणि कोळीवाडे. भरतीला पाणी आत घुसून अर्धी जमीन दलदल होई. परदेशातून आलेला माणूस दोन पावसाळे काढील तर नशीब, असे इंग्रजच म्हणत. उत्पन्नाच्या बाबी कोणत्या? जमिनीचा 'फोरा' हा पोर्तुगीज काळापासूनचा सारा, नारळ आणि माडी, तंबाखूचा मक्ता, दारूच्या गुत्त्यांचे परवाने, आणि थोडी जकात. किल्ला, शिबंदी आणि जहाजे ह्यांचा खर्च त्यात भागत नसे. तूट सुरतेच्या वखारीला भरावी लागे.

ह्या बेटाला व्यापाराची पेठ कशी करावयाची, हा प्रश्न १६६९ ते १६७७ ह्या काळात गव्हर्नर असलेल्या जेरल्ड ऑंजियरपुढे होता. तो सुरतेच्या वखारीचाही अध्यक्ष होता आणि बराच काळ सुरतेतच राही. शहरे कशी बसतात आणि कशी उठतात हे त्याने तेथे डोळ्यांनी पाहिले होते. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली. इंग्रजांनी आपली वखार राखली, पण वीरजी व्होऱ्याचा वाडा लुटला गेला. १६७० च्या ऑक्टोबरात पुन्हा लूट झाली. ज्या बादशहाला जकात भरावयाची तो रक्षण करू शकत नाही, हे सुरतेच्या व्यापाऱ्याला कळून चुकले.

ह्या दोन स्वाऱ्यांच्या मध्ये, १६६९ साली, आणखी एक घटना घडली. सुरतेच्या काजीने सक्तीच्या धर्मांतराचा जाच सुरू केला, तेव्हा भीमजी पारेख ह्या कंपनीच्या दलालाच्या पुढाकाराने सुमारे आठ हजार वाणी शहर सोडून भडोचला निघून गेले. पेढ्या बंद, टांकसाळ बंद, जकातीचे चौथरे ओस. निघण्यापूर्वी त्यांनी मुंबईस आश्रय मिळेल का, अशी विचारणा ऑंजियरकडे केली होती. पण बादशहाचा रोष होईल म्हणून त्याने त्यांना तूर्त तिकडे न जाण्याचा सल्ला दिला. औरंगजेबाकडून आश्वासन आल्यावर वर्षाच्या अखेरीस मंडळी परतली. परंतु ह्या प्रसंगाने ऑंजियरला एक धडा मिळाला. पेठ म्हणजे तटबंदी नव्हे. पेठ म्हणजे तेथे राहण्यास राजी असलेली माणसे, आणि ही माणसे उठून जाऊ शकतात.

मुंबईत त्याने केलेल्या कामांकडे ह्या दृष्टीने पाहावे. सर्वांत आधी जमिनीचा प्रश्न. पोर्तुगीज अमदानीत जमिनी मोठ्या वतनदारांकडे आणि मठांकडे होत्या. परळ-माहीमच्या बाजूच्या बऱ्याच जमिनींवर जेझुइट पाद्र्यांचा हक्क होता, आणि त्या जमिनी कसणारी कुळे हिंदू तशीच नवख्रिस्ती होती. मी स्वतः कॅथॉलिक आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो की, कुळाच्या दृष्टीने धनी कोणत्या धर्माचा ह्याने फारसा फरक पडत नसे. राज्य बदलल्यावर कोणाची मालकी खरी आणि कोणाची खोटी ह्याविषयी अखंड वाद माजले. ऑंजियरने एकेक सनद उकरून जप्त्या करण्याचा मार्ग सोडून दिला आणि बेटावरील रहिवाशांशी करार केला. रहिवाशांनी मिळून वर्षाला वीस हजार शेराफीन, म्हणजे त्या काळचे पोर्तुगीज चांदीचे नाणे, कंपनीला द्यावे आणि कंपनीने त्यांचा कब्जा मान्य करावा, असे ठरले. १६७४ साली हा करार पक्का झाला. सरकारला उत्पन्नाची निश्चिती मिळाली, जमीनधारकाला जमिनीची.

दुसरे काम धर्माचे. कॅथॉलिकांच्या उपासनेचे स्वातंत्र्य तहातच मान्य झालेले होते. ऑंजियरने वाणी, पारशी, मुसलमान सर्वांनाच तशी शाश्वती दिली. १६७७ साली दीवच्या नीमा पारख नावाच्या व्यापाऱ्याने मुंबईस येण्यापूर्वी कंपनीकडे ज्या अटी घातल्या त्या वाचण्यासारख्या आहेत. आपल्या धर्माचे आचरण निर्वेधपणे करता यावे, आपल्या आवारात कोणी जीवहत्या करू नये, मृतांना आपल्या रीतीप्रमाणे अग्नी देता यावा, आणि आपल्यापैकी कोणालाही सक्तीने ख्रिस्ती करू नये किंवा ओझी वाहण्यास जुंपू नये! सवलतींच्या बरोबरीने हा व्यापारी मागतो आहे ते मुख्यतः सक्तीपासून संरक्षण. आणि कंपनी ते देते आहे, कारण तिला त्याची गरज आहे. १६६१ च्या सुमारास दहा हजार असलेली मुंबईची वस्ती १६७५ च्या सुमारास फ्रायर ह्या इंग्रज डॉक्टरच्या अंदाजाने साठ हजारांवर गेली, आणि उत्पन्न सुमारे २,८०० पौंडांवरून ९,००० पौंडांच्या वर चढले. आकडे अंदाजाचे असतील, पण त्यांची दिशा स्पष्ट आहे.

तिसरे काम नाण्याचे. १६७२ पासून मुंबईत कंपनीचे नाणे पडू लागले. बेटावर ते चालले. समुद्र ओलांडताच प्रश्न आला. १६७४ च्या जूनमध्ये रायगडी राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झेंडन इंग्रजांचा वकील म्हणून हजर होता. व्यापारी तहाच्या वाटाघाटीत इंग्रजांची एक मागणी अशी होती की, त्यांचे नाणे महाराजांच्या राज्यात चालावे. ह्यावर महाराजांकडून मिळालेल्या उत्तराचा आशय मोठा मार्मिक आहे. कोणतेही नाणे चालण्यास आम्ही मनाई करीत नाही. परंतु ज्यात रयतेचे नुकसान होईल असे नाणे घेण्याची तिच्यावर सक्तीही आम्ही करणार नाही. तुमचे नाणे कसाला आणि वजनाला इतरांच्या तोडीचे असेल तर ते आपोआप चालेल. भडोचचे विणकरी, सुरतेचा सावकार आणि रायगडचा राजा ह्या तिघांनीही इंग्रजांना एकच गोष्ट ऐकविली होती : पत मिळवा, ती हुकुमाने मिळत नाही. मुंबईच्या रुपयाला बादशाही मुलुखात चालण्याची परवानगी मिळण्यास १७१७ साल उजाडावे लागले.

ऑंजियर १६७७ साली सुरतेत वारला. त्याच्या मागून आलेल्यांना हा धडा पटला नाही. १६८७ साली पश्चिम किनाऱ्याचे मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईस आणण्यात आले आणि जॉन चाइल्ड ह्या गव्हर्नराने बादशहाच्या प्रजेची जहाजे पकडून सक्तीने सवलती उपटण्याचा बेत केला. परिणाम असा झाला की, जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतने १६८९ साली मुंबईवर उतरून किल्ल्याला वेढा घातला. शेवटी बादशहाची क्षमा मागून आणि दीड लाख रुपये दंड भरून कंपनीने आपली सुटका करून घेतली. बेट उद्ध्वस्त झाले, वस्ती पांगली, आणि पेठ पुन्हा बसविण्यात पुढली कित्येक वर्षे गेली.

तर मग सक्ती जमली केव्हा? ज्या दिवशी 'नाही' म्हणणाऱ्यांचे आधार सुटले तेव्हा. मुघल सत्ता खिळखिळी झाली. सुरतेचे जहाजमालक आणि सावकार संरक्षणासाठी मुंबईच्या आरमाराकडे पाहू लागले. लवजी नसरवानजी वाडियांसारखे जहाजबांधणीतले कसबी कारागीर १७३६ च्या सुमारास सुरतेहून मुंबईस आले. १७५९ साली इंग्रजांनी सुरतेचा किल्ला घेतला आणि १८०० साली शहराचा सर्व कारभार. आता सुरतेत गिऱ्हाईक आणि सरकार एकच झाले. कंपनीची आगाऊ रक्कम घेतलेल्या विणकऱ्याने तिचे काम पुरे झाल्याशिवाय दुसऱ्याचे काम घेऊ नये, असे बंधन आले आणि ते मोडणाऱ्यास शिक्षा देणारी कचेरीही कंपनीचीच. आगाऊ रक्कम पूर्वीही होती. पूर्वी ती विणकऱ्याच्या हातातले भांडवल होती. आता ती त्याच्या पायातली बेडी झाली. इकडे ज्या इंग्लंडने हे कापड डोक्यावर घेतले होते त्याने १७०० आणि १७२१ च्या कायद्यांनी छापील हिंदी कापडाला आपले दार लावून घेतले होते. पुढे तेथील गिरण्यांचे कापड उलट दिशेने येऊ लागले. भडोच-बडोद्याच्या विणकऱ्याला जी नड १६३० च्या दुष्काळात सोसावी लागली ती दोन वर्षांची होती. ह्या वेळची पिढ्यान्‌पिढ्यांची ठरली.

इंग्रज व्यापारी म्हणून आले आणि राज्यकर्ते झाले, ह्या वाक्याचा अर्थ आता थोडा निराळा लागतो. ते व्यापारी होते तोवर त्यांना चांदी मोजावी लागली, सावकाराच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, वाण्याच्या अटी ऐकाव्या लागल्या आणि विणकऱ्याची मनधरणी करावी लागली. त्या काळात त्यांच्या हातून झालेले उत्तम काम म्हणजे मुंबईची वस्ती, आणि ती वाढली ती परस्परांच्या गरजेतून. त्यांच्या अंगी काही विशेष सद्‌गुण होते म्हणून नव्हे. दुसरा मार्ग मोकळा नव्हता म्हणून. विणकऱ्याला दुसरे गिऱ्हाईक उरले नाही, त्या दिवशी हा मार्ग मोकळा झाला.

सुवाळीच्या किनाऱ्यावर आज त्या जहाजांची खूण उरलेली नाही. सुरतेत जुन्या इंग्रजी दफनभूमीतल्या थडग्यांचे घुमट मात्र अजून उभे आहेत. मोठ्या डौलाच्या त्या इमारती पाहावयास लोक जातात. ज्यांच्या मागावरच्या कापडातून हा सारा डौल उभा राहिला त्या भडोच-बडोद्याच्या विणकऱ्यांचे कोठे थडगे नाही आणि नावही नाही. आपल्या मुलांना इतिहास शिकविताना त्यांच्यासाठी दोन ओळी राखून ठेवाव्यात, एवढीच माझी विनंती आहे.